मख्ख चेहऱ्याची करामत

मे महिना संपत आला की गणपतीपुळ्यातली गर्दी न्हाणीतल्या पाण्यासारखी जाते. आधी संथ, मग एकदम, शेवटी गुळगुळ आवाज करत. शेवटच्या गाड्या निवळीच्या दिशेने चढाला लागतात. किनाऱ्यावरच्या बोटी वर ओढून ताडपत्रीखाली जातात, पडव्यांना पावसाच्या बाजूने झापं बांधून होतात. खोल्या भाड्याने देणारे उशांचे अभ्रे वाळत घालतात आणि आभाळाकडे बघतात. अशा वेळी कुठेतरी एखादा पाहुणा उरतो. तो का उरला हे त्यालाही धड सांगता येत नाही. मालकाला त्याची अडचण नसते. एक दिवस मालक सहज म्हणतो, "रिकामेच आहात तर त्या फाटकाला जरा रंगाचा हात मारता का?"

हे शेवटचं वाक्य मात्र पुळ्यातलं नाही. मॅग्नस मिल्स या इंग्रज लेखकाच्या 'ऑल क्वाएट ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' (१९९९) या कादंबरीचा सगळा डोलारा असल्या एका विनंतीवर उभा आहे. उत्तर इंग्लंडातल्या तळ्याकाठी तंबू ठोकून राहिलेला एक तरुण तिचा नायक. सीझन संपला आहे, बाकीचे तंबू उठले आहेत, आणि हा दोन-चार दिवसांत पूर्वेच्या लांबच्या प्रवासाला, थेट भारतापर्यंत, निघणार आहे. जागेचे मालक मिस्टर पार्कर त्याला फाटक रंगवायला सांगतात. मग वल्हवायच्या होड्या रंगवायच्या असतात. मग पार्करांच्या मुलीचा गृहपाठ असतो. मग गावात दूध घालायचं काम अंगावर येतं. पुस्तक संपतं तेव्हा भारत जिथे होता तिथेच आहे आणि हा तळ्याकाठी.

यात विचित्र काय? एकेक पान सुटं वाचलं तर काहीच नाही. कुणी त्याला डांबलेलं नाही, धमकी दिलेली नाही, कुणाच्या डोक्याला शिंगं नाहीत. प्रत्येक विनंती वाजवी आहे, प्रत्येक होकार शहाण्या माणसाचा आहे, आणि बेरीज मात्र वेड्याची येते. या जातीच्या लेखनाला मराठीत कुणी असंगत म्हणतं, कुणी विसंगत. बोलताना सगळे ॲब्सर्डच म्हणतात. ते कसं चालतं हे घड्याळ उघडून बघावं तसं बघायचं तर पहिलं चाक हे: पायऱ्या इतक्या लहान ठेवायच्या की कुठल्याही एका पायरीवर वाचकाला "थांब!" म्हणता येऊ नये. काफ्काचा माणूस सकाळी उठतो तो किडा होऊनच. मिल्सचा माणूस होकार देत देत किडा होतो.

कोकणातल्या वाचकाला हे चाक समजावून सांगावं लागत नाही, कारण त्यात घालायचं तेल आपल्याकडे मुबलक आहे. त्याचं नाव भीड. भीड भिकेची बहीण, असं म्हणत म्हणतच आपण शेजाऱ्याच्या लग्नात पंगती वाढायला उभे राहतो आणि तिसऱ्या दिवशी मांडवाचे बांबू मोजत असतो. मिल्सच्या कादंबरीत खलनायक शोधू गेलं तर मिस्टर पार्कर हाती लागत नाहीत, भीड लागते. ती कुणाच्याच मालकीची नसते, म्हणून तिच्याशी भांडताही येत नाही.

दुसरं चाक सांगणाऱ्याचं. तो मख्ख हवा. आपल्याबरोबर काहीतरी चमत्कारिक घडतंय याचा त्याला पत्ता नको, आणि असलाच तर त्याने तो वाचकाला लागू द्यायचा नाही. याच कादंबरीत दूधवाल्याचा बुडून मृत्यू होतो. ते वाक्य ज्या आवाजात येतं त्याच आवाजात दुकानात काय मिळालं आणि काय नाही हे येतं. मिल्सच्या आधीच्या कादंबरीत, 'द रिस्ट्रेंट ऑफ बीस्ट्स'मध्ये (१९९८), कुंपण घालणारे तीन मजूर आहेत. त्यांच्या हातून माणसं मरतात, चुकून, आणि ती कुंपणाच्या खांबांखाली पुरली जातात. निवेदकाला खरी काळजी तारेच्या ताणाची आणि खांब ओळंब्यात आहे की नाही याची. मिल्सने स्वतः ही कुंपणं घातली होती. पुढे तो लंडनमध्ये बस चालवत असे, आणि चालवत असतानाच ही पहिली कादंबरी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत गेली. वर्तमानपत्रांना बसचालक कादंबरीकार झाल्याचं अप्रूप. मला त्याहून महत्त्वाचं हे वाटतं की त्याला तार कशी ताणतात ते माहीत होतं. ॲब्सर्ड लिहायला कल्पनाशक्ती लागते असं लोक समजतात. आधी कुठलं तरी एक काम नीट यावं लागतं.

मख्ख निवेदक मराठीला नवा नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव आठवा. आपण विनोदी आहोत हे त्या गृहस्थाला शेवटपर्यंत कळलेलं नाही. तो संसाराची हकिगत अगदी कळकळीने सांगतो, आणि कळकळ जितकी खरी तितकं आपलं हसू मोठं. चिं. वि. पेशाने पाली भाषेचे अभ्यासक, बडोद्याला नोकरीला. विद्वानाला मूर्खाचा आवाज इतका बिनचूक काढता यावा याचं मला कायम नवल वाटत आलं आहे. चिमणरावाखाली फक्त दरी नाही. तो पडला तर अंगणात पडतो. मिल्सचा माणूस पडतो तिथे तळ्याचं काळं पाणी असतं, आणि ते किती खोल आहे हे लेखक सांगत नाही.

आणि आता उलटा नमुना, कारण यंत्र कळायला तेच चाक उलटं फिरवून बघावं. तो नमुना आमच्या शेजारचाच आहे. गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने निघालं की साधारण २५ किलोमीटरवर रत्नागिरी, आणि रत्नागिरी म्हटलं की अंतू बर्वा. पु. ल. देशपांड्यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तला (१९६२) हा म्हातारा रत्नागिरीच्या नकाशावर नसला तरी तिथल्या बोलण्यावर आहे. सुनीताबाई मूळच्या रत्नागिरीच्या, आणि पुलंशी त्यांचं लग्नही १९४६ साली तिथेच झालं. त्यामुळे त्या भाषेला जावयाचा कान मिळाला, तोही उत्तम प्रतीचा. घरच्या माणसाला घरचा खवचटपणा ऐकू येत नाही, जावयाला येतो.

अंतूशेट मख्ख मुळीच नाही. त्याला सगळं दिसतं, जरा जास्तच दिसतं. त्याचं एक विधान घेऊन उघडून बघू. गांधी सगळीकडे गेले पण रत्नागिरीला फिरकले नाहीत, असं तो म्हणतो. का, तर इथे त्यांच्या पंचाचं कौतुक कुणाला, इथे सगळेच पंचेवाले. आता गांधी रत्नागिरीला आले होते. १९२७ साली आले आणि तिथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांना भेटले. म्हणजे अंतूशेटच्या वाक्याचा पाया साफ खोटा. तरी इमारत हलत नाही, कारण वाक्याचं वजन गांधींवर नाहीच, ते त्या उघड्या अंगांवर आहे. टवाळी गांधींची केल्यासारखी दिसते आणि वळ स्वतःच्या दारिद्र्यावर उठतो. तिरकस बोलणं याला म्हणतात. बाण सुटतो एकीकडे, लागतो दुसरीकडे, आणि धनुष्य हातात धरणारा "छे छे, मी कुठे काय म्हटलं" असा चेहरा करून उभा.

इथे एक बारकी गोष्ट आहे. गोष्ट सांगणारे पुलं मध्ये फारसे बोलतच नाहीत. ते चहा पितात, ऐकतात, एखादा प्रश्न विचारतात. सगळी करामत अंतूशेटच्या तोंडात आणि मख्खपणा निवेदकाच्या वाट्याला, अशी ती विभागणी आहे. गावात वीज येते तेव्हा अंतूशेट ती घरात घेत नाही. उजेडात बघायचं काय, दारिद्र्यच ना, असा त्याचा सवाल. हा विनोद आहे की नाही ते ठरवायला पुलं वाचकाला मदत करत नाहीत. आणि बायको गेल्यावर दारचा हापूस मोहरला नाही हे सांगताना अंतूशेटचा तिरकसपणा एकदाच सुटतो, एक सरळ वाक्य तोंडातून निसटतं. पन्नास तिरक्या वाक्यांनंतर आलेलं म्हणून ते इतकं खोल जातं. असं सरळ वाक्य मिल्सच्या पुस्तकात शोधून सापडत नाही. त्याची सगळीच सरळ असतात, वाकडी असते ती परिस्थिती. अंतूशेटचं उलट: परिस्थिती अगदी सरळ, सपाट, सगळ्यांना माहीत असलेली गरिबी, आणि वाकडं फक्त तोंड.

उपहास आणि ॲब्सर्ड यांची ताटातूट माझ्या मते इथे होते. उपहासाला नेम लागतो. जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने 'ललित' मासिकात 'घटका गेली, पळे गेली' हे सदर लिहायचे तेव्हा मराठीतले लेखक, प्रकाशक, समीक्षक कुणी सुटत नसे. आज ते वाचताना मौज वाटते, पण मधूनमधून विचारावं लागतं, हे कोण बुवा? नेम धरलेला माणूस गेला की बाण नुसता भिंतीत घुसून राहतो. त्याही आधी, १९१० साली, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'त निराळी युक्ती होती. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही मंडळी जुन्या रूढींवर हल्ला करत नाहीत, त्यांचं समर्थन करतात. इतक्या निष्ठेने करतात, इतके टोकापर्यंत तर्क लढवतात, की रूढीलाच घाम फुटावा. म्हणजे नेम आहे, पण बंदूक शत्रूच्या खांद्यावर. कोल्हटकरांची वाक्यं आज जड वाटतात. युक्ती अजून चालते.

तिसरं चाक हेच: तर्क. नियम एक घ्यायचा, खरा वाटेल असा, आणि तो कुठेही न मोडता शेवटपर्यंत पाळायचा. मिल्सच्या 'द स्कीम फॉर फुल एम्प्लॉयमेंट'मध्ये (२००३) सगळ्यांना काम देणारी एक योजना आहे. व्हॅन एका डेपोतून दुसऱ्या डेपोत माल नेतात. माल कसला? त्याच व्हॅनचे सुटे भाग. चाललं आहे ते उत्तम, आठ तासांचा दिवस, वेळेवर पगार, कुणाची तक्रार नाही. मग भांडण कशावरून होतं तर काम थोडं आधी संपवून घरी जावं की पूर्ण आठ तास भरावेत यावरून. व्हॅन का फिरतात हा प्रश्न कुणीच विचारत नाही. विचारला असता तर कादंबरी दुसऱ्या पानावर संपली असती. 'द मेंटेनन्स ऑफ हेडवे'मध्ये (२००९) बसगाड्यांचे निरीक्षक आहेत. त्यांच्या शास्त्रात बस उशिरा येण्याला शंभर सबबी चालतात, लवकर येण्याला एकही नाही, कारण दोन गाड्यांमधलं अंतर राखणं हाच धर्म. प्रवासी या शास्त्रात बसत नाहीत. ते फक्त बसमध्ये बसतात.

वाचताना पहिल्यांदा नोकरशाही आठवते, आणि मग हळूच लक्षात येतं की हे नुसतं तेवढं नाही. नेम धरायला बोट उचलावं तर समोर कुणी नाही. योजना वाईट आहे? तिच्यावर हजारोंची घरं चालतात. निरीक्षक मूर्ख आहेत? ते तर सगळ्यांत कर्तव्यदक्ष. नेम विरघळला की उपहासाचा ॲब्सर्ड होतो.

मराठीत या वाटेने सगळ्यांत लांब गेलेले कादंबरीकार कोण, असं मला विचारलं तर मी श्याम मनोहरांचं नाव घेईन. जन्म १९४१, पुण्यात भौतिकशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली, आणि 'उत्सुकतेने मी झोपलो' या कादंबरीला २००८ चा साहित्य अकादमी पुरस्कार. त्यांची माणसं तुमच्याआमच्यासारखी नोकरी करतात, पाहुण्यांना चहा करतात, आणि मध्येच एखाद्याला विश्वाबद्दल किंवा ज्ञानाबद्दल एखादा अवजड प्रश्न पडतो. चहा आणि विश्व यांची पट्टी एकच. आवाज चढत नाही, पार्श्वसंगीत वाजत नाही. छोटी, सपाट वाक्यं. मराठी वाचकाला इतक्या सपाट गद्याची सवय नसते, त्यामुळे काहींना ही पुस्तकं कोरडी वाटतात. मला वाटतं ती मोठ्याने वाचावीत, शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलतंय अशा सुरात.

त्या शीर्षकाकडेच बघा. उत्सुकतेने माणूस जागतो. हा झोपला. व्याकरण शाबूत, शब्द रोजचे, फक्त दोन शब्दांचं एकमेकांशी जमत नाही, आणि तेही भांडून नाही, गुण्यागोविंदाने. किरण नगरकरांच्या 'सात सक्कं त्रेचाळीस'चं (१९७४) शीर्षकही असंच तपासण्यासारखं. सात सक बेचाळीस हे पाढे म्हटलेल्या प्रत्येकाला ठाऊक. नगरकरांनी सात सक्कं शंभर म्हटलं असतं तर तो चावटपणा झाला असता. त्रेचाळीस म्हटल्यावर क्षणभर आपल्यालाच शंका येते, आपण मनात पाढा म्हणून बघतो. चूक एकाच आकड्याची हवी. विलास सारंगांनीही या भूमीवर बरंच नांगरलं. 'एन्कीच्या राज्यात' ही त्यांची कादंबरी इराकच्या पार्श्वभूमीवरची, आणि सारंग स्वतः बसरा इथे शिकवत होते. पण त्यांच्या लेखनातला अंधार उघड आहे, त्याला मख्ख म्हणता येणार नाही, म्हणून इथे नुसतं नाव.

चाकं सुटी झाली, आता एक छोटं यंत्र जोडून बघू. सामान पुळ्यातलंच घेऊ. इथला समुद्र पोहायला धोक्याचा आहे. दिसायला गोजिरवाणा, पण पायाखालची वाळू ओढून नेतो, आणि माणसंही नेली आहेत. त्यामुळे किनाऱ्यावर सूचनाफलक असतात. खाऱ्या वाऱ्याने रंग टिकत नाही, हे किनाऱ्यावर घर असलेल्या कुणालाही विचारा. तर आपला फलक काल्पनिक, तो रंगवणारा माणूस काल्पनिक, आणि त्याला काम देणारं कार्यालयही. समुद्र मात्र खरा ठेवू.

आधी चुकीची जोडणी. फलक वाढत जातात, चारशे होतात, फलकांमुळे समुद्र दिसेनासा होतो. हसू येतं, पण एकदाच. चित्र डोळ्यांपुढे आलं की पुढे वाचायचं कारण उरत नाही. ही वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्राची कल्पना झाली, आणि तिथे ती शोभेल. सात सक्कं शंभर.

आता नियम घेऊ: फलक सदैव वाचता आला पाहिजे. अगदी वाजवी. कोण नको म्हणेल? पण रंगवताना अक्षरं पुसावी लागतात, आणि नवीन रंग वाळेपर्यंत निदान अर्धा दिवस फलक कोरा. तेवढ्या वेळेपुरता एक माणूस फलकाशेजारी उभा करायचा आणि त्याने मजकूर तोंडी सांगायचा. हीदेखील वाजवी तोड. निवेदक म्हणून आपण हाच माणूस घेऊ. तो हुशार नको, बावळटही नको. रोजगार मिळाला याचा त्याला आनंद आहे. पहिल्या दिवशी तो दर पाच मिनिटांनी मजकूर म्हणतो. दुसऱ्या दिवशी त्याला कळतं की लोक फलक वाचत नाहीत, पण माणूस बोलायला लागला की थांबतात. एक कुटुंब त्याच्याबरोबर फोटो काढतं. एक आजी त्याला कोकम सरबत देतात.

इथे लिहिणाऱ्याला मोह होतो, त्या माणसाच्या तोंडी एखादं चुरचुरीत वाक्य घालावं. घालू नये. तो अंतूशेट झाला की यंत्र बंद पडतं, कारण मग कुणालातरी सगळं दिसत असतं. त्याने घसा दुखतो एवढंच म्हणावं.

पुढची पायरी: तो उभा असतो तेव्हा लोक ऐकतात, म्हणून फलक जास्त दिवस ओला ठेवावा असं कार्यालयाला वाटू लागतं. रंगवणारा एक बाजू सोमवारी रंगवतो, दुसरी गुरुवारी. मग दोन हात द्यायचे ठरतात. निवेदक हे सगळं आपल्याला हजेरीच्या वहीच्या भाषेत सांगतो. किती डबे रंग लागला, ब्रश कुठल्या मापाचा, वारा कुठून होता. वाचक आता हसतो आहे आणि त्याला जरा सुस्तीही आली आहे, ही वेळ चांगली. कारण यंत्राच्या तळाशी समुद्र आहे हे तो विसरला आहे, आणि आपण विसरायचं नाही.

एका संध्याकाळी पाच जण पाण्यात जातात, आणि निवेदक लिहितो की चार जणांनी परत येऊन कपडे मागितले. बस. त्यावर एकही विशेषण नाही. पुढचं वाक्य ब्रश धुण्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून माणूस येतो. हातात छापील अर्ज. तो चांगला आहे, आवाज हळू आहे, चहाचे पैसे तोच देतो. त्याला एवढंच विचारायचं आहे की घटनेच्या वेळी फलक ओला होता की सुका. ओला असेल तर जबाबदारी शेजारी उभ्या माणसाची, सुका असेल तर फलकाची. निवेदक प्रामाणिकपणे आठवून सांगतो, समुद्राकडची बाजू ओली होती, देवळाकडची सुकली होती. आलेला माणूस अर्जाकडे बघतो. त्यावर चौकोन दोनच आहेत. दोघेही थोडा वेळ काही बोलत नाहीत, आणि मग तो विचारतो, "ते पाण्याकडे गेले, तेव्हा कुठल्या बाजूने गेले?"